खांद्यावरचा हात

टिळक चौकाजवळच्या एका स्टुडिओत मी १९७८ साली रिटचिंग शिकायला लागलो. तेव्हा कल्याणात घरातलं कुणी गेलं की तेराव्याच्या आत भिंतीवर फोटो लागायचा. पण कित्येकांचा एकट्याचा फोटोच नसायचा. मग घरचे लग्नातला ग्रुप फोटो आणायचे आणि बोट ठेवून सांगायचे, "हे आमचे अण्णा. एवढेच मोठे करून द्या." अण्णांच्या शेजारी व्याह्यांचा फेटा, मागे मांडवाचा खांब. ते सगळं घालवणं हेच आमचं निम्मं काम.

आधी कॉपी निगेटिव्ह करायची. ती तिरक्या डेस्कच्या काचेवर ठेवून खालून आरशाने उजेड घ्यायचा. निगेटिव्हवर सगळं उलटं. सुरकुती तिथे पारदर्शक रेघ. तिच्यावर मीडियम चोळायचं, म्हणजे पेन्सिल धरते, आणि सुईसारख्या टोकाने बारीक बारीक भरत जायचं. पांढरी वायर मात्र तिथे काळी, ती ब्लेडने खरवडायची. जोर जास्त झाला की गेलेल्या माणसाच्या गालावर डाग. मागचं सगळं घालवायला लाल रंग. तो जिथे लागेल तिथे प्रिंटवर पांढरं. केसांच्या कडेने ब्रश फिरवताना मी श्वास धरून ठेवायचो.

ही विद्या जुनी. म्युनिकच्या फ्रान्झ हान्फस्टेंगलने १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात एकाच चेहऱ्याचे रिटच केलेले आणि न केलेले प्रिंट शेजारी मांडले होते. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि त्याच वर्षी, १ मे १८५४ ला, आगगाडी कल्याणला आली. आमचा कागद, केमिकल, रंग सगळं त्याच रुळांवरून फोर्टातून यायचं, माझ्या मांडीवरच्या पिशवीत.

फोटोशॉप आलं १९९० मध्ये, माझ्यापर्यंत पोचायला बरीच वर्षं गेली. २००२ च्या आवृत्तीतला हीलिंग ब्रश मी चाळिशीत शिकलो. तासाभराचं काम मिनिटावर आलं, याचा मला मनापासून आनंद झाला; डोळे वाचले.

मग २६ जुलै २००५. उल्हास आणि वालधुनीचं पाणी घराघरांत शिरलं. पुढचे कित्येक महिने लोक चिकटलेले अल्बम घेऊन येत होते. त्यांत एक बाई आल्या. त्यांच्या वडिलांचा फोटो १९८४ साली मीच केला होता. तो उंच टांगलेला म्हणून वाचला. मूळ ग्रुप फोटोचा लगदा झाला होता. "दादा, बाबांच्या खांद्यावर आजीचा हात होता. तिचा दुसरा फोटोच नाही. तेवढा हात तरी येईल का?"

हीलिंग ब्रश शेजारचं उचलून डाग भरतो. नसलेला हात तो कुठून आणणार? मी माळ्यावरचे डबे उतरवले. ८४ सालच्या डब्यात ती कॉपी निगेटिव्ह होती. सदरा पांढरा, म्हणून पातळ लाल देऊन मी तो हात सदऱ्यात मिसळून टाकला होता. तो रंग पाण्याचा. ओल्या कापसाने हळूहळू पुसत गेलो. एकवीस वर्षांनीही सुटला. आधी बोटं आली, मग मनगट.

प्रिंट हातात घेऊन बाई बराच वेळ उभ्या होत्या. मनगटात एकच पाटली होती. "ही माझ्या फीसाठी मोडली तिनं," त्या म्हणाल्या.