त्रिशंकूला लटकवले कोणी?

लंडनला, लेस्टरला वाढणाऱ्या नातवंडांविषयी ‘बिचारी त्रिशंकू झाली’ हे वाक्य भोपाळच्या शाहपुऱ्यात मी नेहमी ऐकतो. संध्याकाळी तलावाकाठी फिरायला निघणारी आमची मराठी पिढी परदेशातल्या त्या बालपणाचा निकाल या एका वाक्यात लावून टाकते. अशा मुलांवरच्या कथा-कादंबऱ्यांचा विषय निघाला की तेच मत विद्वत्तेच्या वेषात पुढे येते. मुलाला एकच माती हवी; भारतीय आणि ब्रिटिश अशा दोन संस्कृतींत वाढलेले मूल आतून दुभंगते; त्याच्यावरची गोष्ट ही त्या दुभंगाची कैफियत असते आणि ती वाचून मूल आणखीच गोंधळते. त्यापेक्षा त्याच्या हाती ‘श्यामची आई’ द्या, शिवचरित्र द्या.

या पूर्वपक्षामागची कळकळ खरी आहे, आणि ‘श्यामची आई’ त्या मुलाने वाचावीच. पण निदान साफ चुकले आहे. मुळात त्रिशंकूची कथाच आपण उलटी लावतो. त्रिशंकूच्या मनात दुविधा नव्हती. सदेह स्वर्गात जायचे, हे त्याचे ठरलेले होते. विश्वामित्राने त्याला वर चढवले, इंद्राने खाली लोटले, आणि दोन सत्तांच्या झगड्यात तो अधांतरी राहिला. दोन संस्कृतींतल्या बालपणावरची चांगली पुस्तके वाचली तर हेच दिसते. चीर मुलावर हक्क सांगणाऱ्या मोठ्यांमध्ये आधी पडलेली असते.

आता ही ‘एकच माती’ आली कुठून ते पाहू. आपण तिला आपली परंपरा समजतो, पण इंग्रज साहेबांच्या घरांत ती केव्हाच पक्की झाली होती. हिंदुस्थानात जन्मलेले मूल आयांच्या, नोकरांच्या सहवासात आणि इथल्या भाषांत वाढले तर बिघडेल, या भीतीने पाच-सात वर्षांच्या मुलांना विलायतेला धाडण्याचा तिथे रिवाज होता. रडयार्ड किपलिंग 1865 साली मुंबईत जन्मला. त्याचे वडील जे. जे. कलाशाळेत शिकवत. आईवडिलांसमोर जाताना इंग्रजीत बोल, अशी आठवण त्याला करून द्यावी लागे, कारण विचार आणि स्वप्ने इथल्या बोलीत चालत. हे त्यानेच आत्मचरित्रात सांगितले आहे. हा काळ त्याच्या आयुष्यातला आनंदाचा. 1871 मध्ये, सहा वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, धाकट्या बहिणीसह त्याला विलायतेत साउथसीच्या एका परक्या घरी ठेवले आणि आईवडील काही न सांगता निघून गेले. तिथल्या छळाची गोष्ट त्याने 1888 मध्ये ‘बा बा, ब्लॅक शीप’मध्ये लिहिली. दोन भाषांनी त्याला दुभंगले नाही. एक भाषा तोडून टाकण्यासाठी जे केले गेले, त्याने दुभंगले.

फ्रान्सिस हॉजसन बर्नेटची ‘द सीक्रेट गार्डन’ (1911) तर पूर्वपक्षाचे लाडके उदाहरण ठरावे. हिंदुस्थानात वाढलेली मेरी पिवळी, किरकिरी, हट्टी; कॉलऱ्यात आईबाप जातात, ती यॉर्कशरला येते आणि तिथल्या वाऱ्यात, मातीत बरी होते. लेखिकेचाही समज काहीसा हाच असावा. पण पुस्तक लेखिकेपेक्षा शहाणे आहे. मेरी बिघडली ती उन्हाने नव्हे; आईला मूल नकोच होते आणि नोकरांना ती गप्प राहिली म्हणजे पुरे होते, हे पहिल्याच प्रकरणात येते. पुढे अंथरुणाला खिळलेल्या कॉलिनला झोप लागत नाही, तेव्हा मेरी त्याचा हात कुरवाळत आयाने शिकवलेले हिंदुस्थानी गाणे गुणगुणते, आणि तो झोपतो. समोरच्याशी त्याच्या बोलीत बोलले की तो खुलतो, हे ती हिंदुस्थानात शिकली होती; म्हणून डिकन या तिथल्या मुलाशी ती यॉर्कशरच्या बोलीत बोलू पाहते. कॉलिनचा तोरा पाहून तिला हिंदुस्थानातला बालराजा आठवतो. बागेचे दार तिला सापडते यात नवल नाही. माणसांची दारे उघडण्याची विद्या ती बरोबर घेऊनच आलेली असते, आणि ती विद्या बर्नेट ज्या हिंदुस्थानला आजाराचे मूळ समजते तिथूनच आली आहे.

रस्किन बाँडच्या ‘द रूम ऑन द रूफ’चे (1956) नाव इथे थोडक्यात घेतो. ती त्याने कोवळ्या वयात, विलायतेत राहून लिहिली. त्यातला रस्टी डेहराच्या बाजारात चाट खातो, मित्रांशी होळी खेळतो आणि रंगून घरी येतो. त्याला कसलाही प्रश्न पडलेला नसतो. प्रश्न पडतो तो वेत उगारणाऱ्या पालकाला.

पूर्वपक्षाचे सर्वांत बळकट म्हणणे पुढे आहे, आणि ते डावलता येत नाही: किपलिंग, मेरी, रस्टी ही गोरी किंवा गोऱ्यांच्या बाजूची मुले. ‘किम’मधला (1901) आयरिश पोर लाहोरच्या गल्लीत सहज मिसळतो, पण ती सहजता शेवटी साम्राज्याच्या हेरगिरीला लागते. सत्ता पाठीशी असलेल्याला दोन घरे परवडतात. ब्रिटनमधल्या तपकिरी मुलाचे काय?

याचे उत्तर अशा दोघांनी दिले आहे ज्यांच्या बालपणात पुणे आहे. फारुख धोंडी 1944 साली पुण्यात जन्मला, पुढे केंब्रिजला शिकला आणि लंडनच्या शाळांत शिकवू लागला. ‘ईस्ट एंड ॲट युअर फीट’ (1976) आणि ‘कम टू मक्का’ (1978) या त्याच्या कथांतली आशियाई मुले आपण कोण, या कोड्याने पछाडलेली नाहीत. त्यांच्यासमोर रस्ता आहे, कारखाना आहे, वंशद्वेष आहे. 1978 च्याच मे महिन्यात, लंडनच्या त्याच ईस्ट एंडमधल्या व्हाइटचॅपलमध्ये अल्ताब अली या बांगलादेशी शिवणकामगाराचा खून झाला. त्या वस्तीतल्या मुलाच्या भीतीला ‘सांस्कृतिक गोंधळ’ म्हणणे म्हणजे मारणाऱ्याला मोकळे सोडून मार खाणाऱ्याची नाडी तपासणे.

जमिला गॅविन 1941 मध्ये मसुरीला जन्मली, वडील भारतीय, आई इंग्रज. पुण्यातला बंगला आणि लंडन दोन्ही तिच्या बालपणातले. तिच्या ‘द व्हील ऑफ सूर्या’मध्ये (1992) फाळणीच्या वणव्यातून निसटलेली मार्विंदर आणि जसपाल ही शीख भावंडे वडिलांना शोधत इंग्लंडला पोहोचतात. तिथे वडिलांनी दुसरे घर थाटलेले असते, दुसरी बाई, दुसरे मूल. या कादंबरीत दुभंगलेला माणूस आहे तो बाप. मुले मात्र पंजाबही टाकत नाहीत आणि लंडनही. त्यांना दुःख पुष्कळ आहे, पण त्यातले जवळपास सगळे मोठ्यांनी आखलेल्या सीमांचे आणि मोठ्यांनी मोडलेल्या शब्दांचे आहे. गॅविनची ही मांडणी मला आपल्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा प्रामाणिक वाटते.

आणि इतके लांब तरी कशाला जायचे? शाहपुऱ्यातल्या मराठी घरातले मूल आजीशी मराठीत, खाली खेळताना हिंदीत आणि शाळेत इंग्रजीत बोलते. त्याला आपण हुशार म्हणतो. तेच लेस्टरला घडले की ते बिचारे होते. आपले मूल खट्टू होते ते केव्हा? सुट्टीत पुण्याला गेल्यावर कुणी त्याच्या हिंदी वळणाच्या मराठीला हसते तेव्हा, किंवा शाळेत कुणी त्याच्या आडनावाची थट्टा करते तेव्हा. आपण भोपाळचे मराठी लोक हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. तरी नातवंडांच्या बाबतीत हसणाऱ्याला सोडून मुलालाच दोष देतो, याचे मला वाईट वाटते.

नातवंडांचे मराठी सुटेल, ही भीती मात्र पोकळ नाही. घरात कुणी बोलले नाही, तर भाषा सुटतेच. पण त्यावर उपाय म्हणून त्या मुलाला फक्त जुन्या महाराष्ट्राच्या गोष्टी देणे पुरत नाही. त्यात त्याची शाळा नाही, त्याचा रस्ता नाही, त्याचे मित्र नाहीत. मराठी बोलणारी आजी आणि इंग्रजी बोलणारा जिवलग मित्र एकाच पानावर भेटतील, आणि त्यांच्यातला दुवा होणे हे मुलाचे काम असेल, अशी गोष्ट त्याला मराठीतच मिळायला हवी. मग ते मराठी शिकेल, कारण त्या गोष्टीत त्याच्या मराठीवाचून कुणाचे तरी अडलेले असेल.