शिक्का खरा, पत्र खोटे : २०१४ चे प्रकरण आणि एक छोटी स्क्रिप्ट

१/७
शिवकालीन पत्राच्या प्रारंभी मुद्रा आणि अखेरीस मोर्तब उमटे. मुद्रेवरून पत्र कोणाचे ते कळे. मोर्तबापुढे कोणाला ओळ वाढवता येत नसे. संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र हीच दोन कामे करते. पण शिक्का खरा असूनही पत्र खोटे निघाले तर? भारतात २०१४ मध्ये तसे घडले.

२/७
माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने डिजिटल स्वाक्षरीला मान्यता दिली आणि प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांवर नियंत्रक नेमला. नियंत्रकाच्या मूळ प्रमाणपत्राच्या आधारे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, प्रमाणपत्रे देत असे. हे मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या विश्वासयादीत होते. फायरफॉक्सच्या यादीत ते नव्हते.

३/७
२ जुलै २०१४ रोजी गूगलच्या लक्षात आले की, एनआयसीच्या स्वाक्षरीने गूगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली आहेत. ३ जुलैला नियंत्रकाने एनआयसीची मध्यस्थ प्रमाणपत्रे रद्द केली. एनआयसीची प्रक्रिया भेदली गेली असून अशी चारच प्रमाणपत्रे निघाली, असे चौकशीअंती सांगण्यात आले. गूगलला मात्र त्याखेरीज आणखीही आढळली होती.

४/७
पुढे क्रोमने या मूळ प्रमाणपत्रावरचा विश्वास सात नावांपुरता मर्यादित केला. त्यांत 'गव्ह डॉट इन' आणि 'एनआयसी डॉट इन' होती. जालना जिल्ह्याचे आजचे संकेतस्थळ यांतील पहिल्या नावाखालीच येते. दिल्लीतील चुकीची झळ जिल्ह्याच्या पत्त्यापर्यंत कशी पोहोचू शकते, ते यावरून कळावे.

५/७
आता स्क्रिप्टकडे वळू. अनेक व्यवस्थापकांची शेल स्क्रिप्ट प्रमाणपत्राची मुदत तेवढी वाचते आणि ती संपत आली की इशारा देते. हे म्हणजे पत्राची तिथी पाहून मुद्रा न पाहणे. शिवाय ओपनएसएसएलची जोडणी तपासणारी आज्ञा पडताळणी फसली तरी सहसा पुढे जाते. चूक होताच थांबण्याचा पर्याय आपणच द्यावा लागतो.

६/७
म्हणून सुधारित स्क्रिप्टने चार प्रश्न विचारावेत. मुदत किती उरली? प्रमाणपत्रातील नाव याच संकेतस्थळाचे आहे काय? स्वाक्षऱ्यांची साखळी विश्वासू मुळापर्यंत जाते काय? आणि देणारी संस्था आपण नेमलेलीच आहे काय? २०१४ मध्ये शेवटचा प्रश्नच निर्णायक होता. क्रोममध्ये गूगलच्या स्थळांसाठी अपेक्षित चाव्या आधीच नोंदलेल्या असल्याने ती खोटी प्रमाणपत्रे तेथे चालली नसती.

७/७
तरीही एक उणीव राहते. आपल्या नावाचे खोटे प्रमाणपत्र दुसऱ्याच्याच सर्व्हरवर असेल, तर आपला सर्व्हर तपासून ते दिसणार नाही. त्यासाठी दप्तर हवे. दिलेल्या प्रमाणपत्रांच्या सार्वजनिक नोंदवह्यांची पद्धत २०१३ मध्ये मांडली गेली, आणि ३० एप्रिल २०१८ नंतर दिलेल्या प्रमाणपत्रांना क्रोमने अशी नोंद सक्तीची केली. स्क्रिप्टने ही नोंदवही रोज चाळावी आणि आपल्या नावापुढे अनोळखी संस्था दिसताच कळवावे. प्रमाणपत्राची कमाल मुदत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे. तेव्हा नूतनीकरण यंत्रेच करतील. नोंदवहीतील अनोळखी नावाचा जाब मात्र माणसालाच विचारावा लागेल.