सदतीस धावांची आघाडी

2 मार्च 2025 ला नागपूरजवळच्या जामठ्याला विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला आणि आमच्या पुण्या-मुंबईच्या गोतावळ्यात वादाला तोंड फुटले. सामना अनिर्णित, मग विजय कसला? घरचे मैदान होते. शिवाय खेळाडू बाहेरून आणलेले. जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्यामुळे मला असे मोघम शेरे पटत नाहीत. प्रश्नवार गुण देऊ या.

पहिला प्रश्न अनिर्णित सामन्याचा. रणजीत बाद फेरीचा सामना निकाली झाला नाही तर पहिल्या डावातील आघाडीवर विजेता ठरतो. हा नियम आमच्यासाठी केलेला नाही. सौराष्ट्राने मार्च 2020 मध्ये आपला पहिला रणजी करंडक राजकोटला, बंगालविरुद्ध, याच नियमाने जिंकला. आमच्यासमोरचा केरळ तर उपांत्यपूर्व फेरीत जम्मू-काश्मीरवर 1 धावेच्या आणि उपांत्य फेरीत गुजरातवर 2 धावांच्या आघाडीने पुढे आला होता. गुजरातचा शेवटचा फटका जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटवर आदळून उडाला आणि स्लिपमध्ये झेलला गेला! तेव्हा साऱ्या देशाने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मग 2 धावांची आघाडी चालते आणि आमची 37 धावांची का चालू नये?

ही आघाडी फुकट मिळालेली नाही. केरळने नाणेफेक जिंकून आम्हाला फलंदाजी दिली आणि 24 धावांत आमचे 3 गडी बाद झाले. तिथून 21 वर्षांच्या दानिश मालेवारने 153 धावा काढल्या, करुण नायरने 86. आमच्या 379 धावांना केरळने 342 धावांनी उत्तर दिले. त्यांचा कर्णधार सचिन बेबी 98 वर उंच फटका मारायला गेला आणि झेल देऊन बसला. तो टिकला असता तर करंडक कदाचित केरळला गेला असता. दुसऱ्या डावातही आमचे 2 गडी झटपट गेले होते, पण नायरने 135 धावा काढून दार लावून घेतले. शेवटी 9 बाद 375. डाव का सोडला नाही, असे विचारतात. अहो, आघाडी आमची होती, सामना फिरवण्याची गरज केरळला होती!

दुसरा प्रश्न मैदानाचा. मार्च 2024 चा अंतिम सामना मुंबईने आमच्याविरुद्ध कुठे जिंकला? वानखेडेवर, 169 धावांनी. आम्ही मुकाट मान्य केले. आमचा पहिला करंडक तर इंदूरचा. आधी कोलकात्याला उपांत्य सामन्यात कर्नाटकावर 5 धावांनी विजय, मग 1 जानेवारी 2018 ला दिल्लीवर 9 गडी राखून. त्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने हॅटट्रिक घेतली. तरीही लोक 'नशीब' म्हणाले. पुढच्याच वर्षी फैज फजलच्या संघाने सौराष्ट्राला हरवून करंडक राखला, तेव्हा ते जरा गप्प झाले.

तिसऱ्या प्रश्नात टीकाकारांना अर्धे गुण देतो. वसीम जाफर मुंबईचा, प्रशिक्षक चंद्रकांत पंडितही मुंबईचे, करुण नायर कर्नाटकातून आलेला. ध्रुव शोरीने तर इंदूरला दिल्लीकडून आमच्याचविरुद्ध 145 धावा काढल्या होत्या. पण केरळकडून या अंतिम सामन्यात 79 धावा काढणारा आदित्य सरवटे कोण? आमच्या 2019 च्या अंतिम विजयात 11 बळी घेणारा, नागपूरचाच मुलगा. तेव्हा केरळकडून खेळणारा जलज सक्सेना मूळ इंदूरचा. आणि त्या हंगामात विक्रमी 69 बळी घेणारा हर्ष दुबे आमच्याच मातीत घडलेला आहे.

चौथा शेरा आमच्या गावातलाच. परतवाड्याच्या चौकात एकजण म्हणाला, "गुर्जी, थो त नागपूरचा संघ हाये, आपल्या वऱ्हाडाले काय त्याचं?" हा मात्र मला लागला. अचलपूर, म्हणजे जुने एलिचपूर, एकेकाळी वऱ्हाडाची राजधानी. इंग्रजांनी 1903 मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला आणि कारभार नागपुरात गेला, तेव्हापासून ही सल आहे. क्रिकेटही नागपुरातच एकवटले, हे खोटे नाही. पण अमरावतीचा जितेश शर्मा याच विदर्भाच्या संघातून 2023 मध्ये भारताकडून खेळला. तो ज्या रस्त्याने गेला तो परतवाड्याच्या पोरांनाही मोकळा आहे.

माझ्या पिढीने विदर्भाचे नाव वर्तमानपत्रात बहुधा 'डावाने पराभूत' या शब्दांच्या शेजारी वाचले. 1957-58 पासून रणजी खेळणाऱ्या या संघाला पहिल्या करंडकासाठी साठ वर्षे लागली. त्या साठ वर्षांत आमच्या पराभवांना नियम, मैदान, नशीब अशी सवलत कोणी दिली नाही. मग विजयातून कापून घेण्याचा अधिकार तरी कोणाला?