फाशांवरची नजर : द्यूतसभेतला पहारेकरी नेमका कोणाचा?

१/
देगलूर तालुक्यातील होट्टल या गावी सिद्धेश्वराचे मंदिर आहे. ते आणि त्याच्या आसपासची देवळे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील. या राजघराण्याची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण, देगलूरच्या नैऋत्येस आहे. सहावा विक्रमादित्य (इ. स. १०७६ ते ११२६) तेथे राज्य करीत असताना विज्ञानेश्वर या विद्वान संन्याशाने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. वारसाहक्कासाठी ती आजही ठाऊक आहे. तिच्यातील एक छोटे प्रकरण मात्र बहुतेकांच्या वाचनात येत नाही. ते आहे जुगाराचे.

२/
त्या प्रकरणाचा खरा विषय फासे टाकणारा नाही. त्याच्यावर लक्ष ठेवणारा आहे. खेळाडूच्या हातावर कोणी नजर ठेवायची? कोणाच्या सांगण्यावरून? आणि नजर ठेवणारानेच लबाडी केली, तर खेळाडूने दाद कोठे मागायची? आजच्या कॅसिनोत क्रॅप्सच्या मेजावर उभ्या असलेल्या माणसाला जे प्रश्न पडतात, तेच प्रश्न प्राचीन धर्मशास्त्रकारांनी कायद्याच्या भाषेत मांडले होते.

३/
आधी शब्द पाहू. फासे, चामड्याच्या पट्ट्या, शलाका अशा निर्जीव साधनांनी पैज लावून खेळणे म्हणजे ‘द्यूत’. कोंबडे, एडके, मल्ल यांच्या झुंजीवर पैज लावणे म्हणजे ‘समाह्वय’. खेळ चालतो ती जागा ‘सभा’, आणि ती चालवणारा तो ‘सभिक’. फासे पुरवणे, डाव नीट चालवणे, हरलेल्याकडून रक्कम वसूल करून जिंकलेल्याच्या हाती देणे आणि मध्ये आपला वाटा घेणे, ही सारी त्याची कामे. आजच्या भाषेत तो अड्ड्याचा मालक, रोखपाल आणि पहारेकरी असा तिहेरी माणूस होय.

४/
या पहाऱ्याचा सर्वांत तपशीलवार आराखडा कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, तिसऱ्या अधिकरणाच्या विसाव्या अध्यायात सापडतो. द्यूताध्यक्षाने सगळा जुगार एकाच जागी चालवावा. अन्यत्र खेळणाऱ्यास १२ पण दंड. कारणही कौटिल्य लपवत नाही. चोरटा धंदा करून जगणारे लोक हाती लागावेत, एवढ्यासाठीच ही व्यवस्था. ज्याच्या हाती अचानक पैसा खुळखुळू लागतो, तो केव्हातरी फाशांकडे वळतो, हे राज्याला ठाऊक होते. द्यूतसभा हे महसुलाचे साधन होतेच, शिवाय ते हेरगिरीचे ठिकाणही होते.

५/
महसुलाचा हिशेब असा. जिंकलेल्या रकमेतून अध्यक्षाने शेकडा ५ घ्यावेत. कवड्या, फासे, पट्ट्या आणि शलाका यांचे भाडे वेगळे. पाण्याचे आणि जागेचे पैसे वेगळे. वस्तू गहाण ठेवून घेण्याची आणि विकण्याची मुभाही त्याला होती. म्हणजे हरलेला माणूस अंगावरचा दागिना तेथेच गहाण टाकून पुन्हा डावाला बसू शकत असे. कोणीही जिंको, सभेचे उत्पन्न थांबत नसे.

६/
मात्र ही नजर एकतर्फी नव्हती. शुद्ध कवड्या आणि शुद्ध फासे पुरवणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य होते. ते कोणी बदलले तर १२ पण दंड. कपटाने खेळल्यास पहिल्या प्रतीचा साहसदंड, जिंकलेली रक्कम परत, आणि वर चोरीची शिक्षा. यापुढचा नियम सर्वांत बोलका आहे : फाशांतील, जागेतील किंवा हातचलाखीतील दोष ज्या अध्यक्षाने रोखला नाही, त्याला दुप्पट दंड. ज्याला पाहण्याचे वेतन मिळते, त्याने काणाडोळा केला तर त्याचा अपराध खेळाडूहून मोठा ठरतो, असा याचा सरळ अर्थ होय.

७/
याच अध्यायात एक जुना वाद नोंदलेला आहे. जुगाराचा तंटा राजदरबारी आला तर दंड कोणाला जास्त? पूर्वीचे आचार्य म्हणत, हरणाऱ्याला. जिंकण्याच्या हव्यासाने तो बसला आणि आता पराभव सोसवत नाही म्हणून कागाळी घेऊन आला आहे. असला पोरकटपणा माफ करू नये. कौटिल्याला हे मान्य नाही. हरणाऱ्यालाच अधिक दंड केला तर राजाकडे कोणीही येणार नाही, असे तो सांगतो; आणि जुगारी तर बहुधा कपटीच असतात, अशी पुस्ती जोडतो.

८/
या एका मतभेदात सारा प्रश्न सामावलेला आहे. कौटिल्याला जुगाऱ्याची दया आलेली नाही. त्याला कळते ते एवढेच की तक्रारीची वाट बंद झाली की लबाडी पकडण्याची वाटही बंद होते. अध्यक्षाची नजर कितीही तीक्ष्ण असली तरी ती वरून पाहते. फसवला गेलेला माणूस आतून पाहतो. त्याचे तोंड बंद करणारी व्यवस्था स्वतःचाच एक डोळा फोडून घेते.

९/
आता पुन्हा कल्याणीकडे वळू. याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायातील द्यूतप्रकरण अवघ्या काही श्लोकांचे आहे. विज्ञानेश्वराच्या विवरणानुसार, १०० किंवा त्याहून अधिक जिंकणाऱ्या मुरलेल्या जुगाऱ्याकडून सभिकाने शेकडा ५ घ्यावेत, त्याहून कमी जिंकणाऱ्याकडून शेकडा १०. राजाने सभिकाला संरक्षण द्यावे; सभिकाने ठरलेला राजभाग द्यावा, जिंकलेल्याला त्याचे धन मिळवून द्यावे, खरे बोलावे आणि सहनशील राहावे. जुगाराच्या अड्डेवाल्याकडून सत्याची आणि क्षमेची अपेक्षा करणारा हा कायदा आहे!

१०/
पुढचा नियम आणखी महत्त्वाचा. ज्ञात सभेत, सभिकाच्या देखरेखीखाली, राजभाग भरून खेळ झाला असेल तरच जिंकलेली रक्कम राजा वसूल करून देईल, एरवी नाही. आणि डाव पाहणारे व तंट्यातील साक्षीदार कोण? तर जुगारीच. फाशांची भाषा ज्याला कळते, त्यानेच फाशांवर नजर ठेवावी. खोट्या फाशांनी खेळणाऱ्याच्या अंगावर डाग देऊन राजाने त्याला हद्दपार करावे. नारदस्मृतीत तर अशा लबाडाच्या गळ्यात फाशांचीच माळ घालून त्याला सभेबाहेर काढावे, असे सांगितले आहे.

११/
पण मनूचे काय? मनुस्मृती द्यूताला उघड चोरी ठरवते आणि राजाने ते राज्यातून नाहीसे करावे असे बजावते. विज्ञानेश्वरासमोर हा पेच होता. त्याने तो असा सोडवला : मनूचा निषेध खोट्या फाशांच्या जुगाराला आणि राजाचा अध्यक्ष व सभिक नसलेल्या जुगाराला लागू आहे. देखरेख असेल तर खेळ व्यवहार ठरतो, नसेल तर गुन्हा. कायदा आणि बेकायदा यांच्यातील रेषा फाशांवर नसून ती पाहणाराच्या उपस्थितीवर आखली गेली.

१२/
त्याच राजघराण्यात, विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ रचला. त्यात राजाच्या करमणुकीत फाशांच्या आणि कवड्यांच्या खेळांना स्थान आहे. मराठवाड्याच्या दगडातही हा खेळ कोरलेला आहे. वेरूळच्या २१व्या आणि २९व्या लेण्यांत शिव-पार्वती सारीपाट मांडून बसले आहेत, परिवार डाव पाहतो आहे आणि खाली गण नंदीची खोडी काढत आहेत. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला ‘द्यूतप्रतिपदा’ हे नाव मिळाले तेही याच परंपरेतून. देवांचाही डाव प्रेक्षकांविना होत नाही.

१३/
कागदावरचा कायदा असा समतोल दिसतो. खेळाडूच्या वाट्याला प्रत्यक्षात काय येत असे, त्याचे चित्र शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाच्या दुसऱ्या अंकात आहे. अंगमर्दनाचे काम करणारा संवाहक १० सुवर्णनाणी हरतो आणि पळ काढतो. सभिक माथुर आणि जिंकलेला जुगारी त्याच्या मागे लागतात. संवाहक उलट्या पावलांनी मूर्ती नसलेल्या देवळात शिरतो आणि स्वतःच मूर्तीसारखा उभा राहतो. पाठलाग करणाऱ्यांना संशय येतो. ते त्याला धरत नाहीत. त्याच्यासमोर बसून डाव मांडतात.

१४/
फाशांचा आवाज ऐकून ‘मूर्ती’ला राहवत नाही. ती बोलते आणि सापडते. पुढे मारहाण, भर रस्त्यात स्वतःला विकून देणे फेडण्याची सक्ती. दर्दुरक नावाचा दुसरा जुगारी मध्ये पडतो आणि माथुराच्या डोळ्यांत धूळ फेकतो, तेव्हा कोठे संवाहक निसटतो. वसंतसेना आपले कंकण देऊन त्याचे ऋण फेडते आणि तो भिक्षू होतो. प्रेक्षक हसतात, पण नाटककाराने सभिकाचे मर्म अचूक पकडलेले आहे. पहारेकरी खेळाडूला त्याच्या चेहऱ्यावरून ओळखत नाही. तो त्याला त्याच्या व्यसनावरून ओळखतो.

१५/
मराठी गद्याच्या आरंभकाळीही हा प्रसंग भेटतो. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या पूर्वायुष्याची आठवण आहे. गुजरातेत हरिपाळदेव असताना ते द्यूतात मोठी रक्कम हरले. ती फेडण्यासाठी त्यांनी पत्नी कमळाइसेकडे अलंकार मागितले आणि तिने ते नाकारले. त्यांच्या वैराग्याच्या कथेत या नकाराला मोठे स्थान आहे. महानुभाव परंपरेने ही आठवण लपवली नाही, जतन केली. द्यूतसभेतले ऋण शेवटी घराच्या उंबऱ्यावर येऊन थांबते, हे ती सांगते.

१६/
तो उंबरा धर्मशास्त्रानेही ओळखला होता. याज्ञवल्क्य सांगतो की बापाने मद्य, कामवासना किंवा द्यूत यांपायी केलेले कर्ज मुलाने फेडू नये. एका हाताने राजा हरलेल्याकडून वसुली करून देतो, दुसऱ्या हाताने तीच वसुली पुढच्या पिढीच्या दारात अडवतो. हा नियम इंग्रजी अमदानीतील न्यायालयांतही टिकला. बापाची अशी अनैतिक कर्जे मुलावर बंधनकारक मानली गेली नाहीत. बापाचे कर्ज फेडण्याचे मुलाचे धार्मिक बंधन २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने पुढच्या कर्जांपुरते संपुष्टात आले, तोवर या अपवादाला महत्त्व होते.

१७/
इंग्रजी अमदानीत मिताक्षरेचे दोन तुकडे झाले. कोलब्रुकने १८१० साली तिच्या वारसाहक्काच्या भागाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला आणि तो कोर्टात प्रमाण ठरला. द्यूताचे प्रकरण बाजूला पडले. त्याची जागा विधिमंडळाच्या कायद्यांनी घेतली. मुंबई इलाख्यात १८६५ च्या कायद्याने पैजांना आणि त्यांच्या अनुषंगाने केलेल्या करारांनाही निरर्थक ठरवले. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ३० पैजेच्या रकमेसाठी दावाच लावू देत नाही. पाठोपाठ १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आला.

१८/
देगलूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. तेथे १३०५ फसली, म्हणजे सुमारे १८९५-९६ चा हैदराबाद जुगार कायदा आला. दोन्ही कायद्यांची बैठक एकच : सभिक आता गुन्हेगार, आणि नजर पोलिसांची. वॉरंट घेऊन शिरलेल्या जागेत जुगाराची साधने सापडली, तर तो अड्डाच आहे असे गृहीत धरले जाई. तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. कौशल्याच्या खेळांना सूट होती. त्या सुटीची मोठी कसोटीही हैदराबादच्याच कायद्याखाली लागली. सिकंदराबादच्या एका क्लबवरील धाडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला आणि आरोपींची सुटका कायम ठेवली.

१९/
भाषावार प्रांतरचनेत, १९५६ साली, कल्याणी म्हैसूर राज्यात गेली आणि देगलूर मुंबई राज्यात, पुढे महाराष्ट्रात. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनो नियंत्रण व कराचा कायदा केला, पण तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ साली रद्द केला. शेजारच्या गोव्याने आपल्या १९७६ च्या जुगारबंदी कायद्यात पुढे दुरुस्त्या केल्या : १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना आणि १९९६ साली जहाजांवरील मेजाच्या खेळांना वाट मिळाली. १ फेब्रुवारी २०२० पासून मात्र खुद्द गोवेकरांनाच कॅसिनोत प्रवेशबंदी आहे.

२०/
क्रॅप्सच्या मेजाभोवतीची रचना पाहिली की जुना सभिक कामे वाटून देऊन उभा असलेला दिसतो. एक कर्मचारी काठीने फासे सरकवतो, दुसरे पैसे देतात-घेतात, बसलेला मुख्य माणूस हिशेब आणि फासे तपासतो, वर कॅमेरे. फासे पारदर्शक आणि क्रमांकित असतात. ते समोरच्या भिंतीवर आपटलेच पाहिजेत, म्हणजे हातचलाखीला वाव राहत नाही. अक्ष, भूमी आणि हस्त या कौटिल्याच्या तिन्ही दोषांवर येथे पहारा आहे.

२१/
फरक उत्तरदायित्वाचा आहे. हा पहारेकरी खेळात ज्याचा पैसा गुंतलेला आहे त्या कॅसिनोचाच नोकर. नुसती बुद्धी चालवून जिंकणाऱ्यालाही तो दार दाखवू शकतो का, हा वाद अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला. पत्त्यांचा हिशेब मनात ठेवणाऱ्या केन उस्टन या खेळाडूच्या बाजूने न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली निकाल दिला : नियामक आयोगाने तसा नियम केलेला नसताना कॅसिनोला स्वतःच्या मर्जीने त्याला वगळता येणार नाही. नेवाडात मात्र कॅसिनोंचा हात मोकळाच राहिला.

२२/
मिताक्षरेचा काळ सुवर्णयुग नव्हता. डाग देणे, हद्दपारी आणि संवाहकाला झालेली मारहाण हेही त्याच व्यवस्थेचे भाग होते. पण तिच्यात एक विचार पक्का होता : खेळ पाहणारा माणूस राजाला बांधलेला असावा, साक्षीदार खेळाडूंतून यावा, आणि काणाडोळा करणाराला दंड व्हावा. आज बंद खोलीत बेकायदा जुगारात फसवला गेलेला माणूस तक्रार घेऊन जाऊ शकत नाही, कारण तक्रार म्हणजे स्वतःच्या गुन्ह्याची कबुली. सभिक गेला; अड्डा राहिला.

२३/
म्हणूनच होट्टलच्या देवळासमोर उभे राहताना त्या काळातील शिल्पाबरोबर त्या काळातील कायदाही आठवावा. माणसावर नजर असणे नवीन नाही. नजर ठेवणाराला जाब विचारता येतो का, हा प्रश्नही जुनाच आहे. हरलेल्याचे तोंड बंद केले तर राजाकडे कोणी येणार नाही, हे कौटिल्याने ओळखले होते. फसवणाऱ्याला हवे असते ते नेमके तेच.