काळा बाजार आणि काळा सिनेमा

१९४६ साली फ्रेंच समीक्षक निनो फ्रँक यांनी काही अमेरिकन गुन्हेपटांना ‘फिल्म न्वार’, म्हणजे काळा सिनेमा, असे नाव दिले. रात्रीचे रस्ते, लांब सावल्या आणि गुन्ह्याकडे ओढला जाणारा साधा माणूस ही त्याची खूण. पुढे हा प्रकार अमेरिकेचाच समजला गेला आणि इतरांचे सिनेमे नक्कल ठरले. ब्रिटनच्या वाट्यालाही हेच आले. वास्तविक कॅरल रीड यांच्या ‘ऑड मॅन आउट’ (१९४७) आणि ‘द थर्ड मॅन’ (१९४९) मधला काळोख उसना नव्हता. महायुद्ध संपले तरी ब्रिटनमध्ये रेशनिंग १९५४ पर्यंत चालले. ‘द थर्ड मॅन’चा खलनायक भेसळीचे पेनिसिलिन विकतो. टंचाईतून काळा बाजार आला आणि काळ्या बाजारातून हा सिनेमा.

मुंबईच्या सिनेमालाही हाच न्याय लावावा, असे आम्हांला वाटते. ग्यान मुखर्जींच्या ‘किस्मत’चा (१९४३) नायक खिसेकापू होता. त्यांच्याच हाताखाली काम केलेल्या गुरुदत्त यांनी ‘बाजी’ (१९५१) काढला. त्यातला मदन क्षयरोगी बहिणीसाठी जुगाराच्या क्लबात शिरतो. ‘जाल’मध्ये (१९५२) गोव्याच्या किनाऱ्यावर सोन्याची तस्करी आहे. तेव्हा मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्याने दारूबंदी होती आणि गोवा-दमण डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होते. दमण तलासरीपासून दूर नाही. बंदी आणि सरहद्द शेजारी आल्या की काय होते, हे डहाणू-तलासरीच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

‘बाजी’वर हॉलिवूडच्या ‘गिल्डा’ची (१९४६) छाया आहे, हे खरे. पण सांगाडा उसना आणता येतो, बोली आणता येत नाही. ‘आरपार’मध्ये (१९५४) अबरार अल्वी यांनी टॅक्सीवाल्या कालूला आणि इतर पात्रांना ज्याच्या त्याच्या वस्तीची भाषा दिली. ‘बाजी’ची गाणी साहिर यांची. ‘आरपार’ची मजरूह यांची. ‘सीआयडी’त (१९५६) मुंबईत जगणे किती अवघड, हे मजरूह यांनीच एका गाण्यात मांडले आणि ते पडद्यावर जॉनी वॉकर, म्हणजे एकेकाळचे बसकंडक्टर बदरुद्दीन काझी, यांच्या तोंडी आले. व्ही. के. मूर्ती यांच्या कॅमेऱ्याने सावली दिली, तर उर्दूच्या लेखण्यांनी तिला जबान दिली.

हे सिनेमे ‘हिंदी’ म्हणून ओळखले जातात आणि त्यांतली उर्दू हिशेबाबाहेर राहते. उर्दू शिकवताना आम्हांला ही गोष्ट सतत जाणवते. आमच्या मुलांना उर्दू ही केवळ गझलेची आणि अदबीची जबान वाटते. टॅक्सीवाला, जुगारी, फूटपाथवरचा बेकार यांचे दुःखही तिने या महानगरात बोलून दाखवले, हे त्यांना कोणी सांगत नाही. ब्रिटिश अभ्यासकांनी आपल्या काळ्या सिनेमाला उशिरा का होईना, त्याची जागा मिळवून दिली. मुंबईच्या या सिनेमाचा इतिहास मराठीत लिहिला जाईल, तेव्हा त्यात अल्वी, साहिर आणि मजरूह ही नावे तळटीपेत नकोत, मजकुरात हवीत. ते काम मराठी आणि उर्दू दोन्ही जाणणाऱ्या आपल्यासारख्यांनीच अंगावर घ्यायला हवे.