गर्भातील संघटक आणि त्याचा निरोप

एका पेशीच्या दोन, दोहोंच्या चार, अशा वाढत वाढत देह घडतो, हे आज शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. तथापि खरा प्रश्न पुढेच आहे. आरंभी एकसारख्या दिसणाऱ्या या पेशींपैकी कोणी मेंदू व्हावे, कोणी कातडी व्हावे, कोणी हाड व्हावे, हे त्यांना सांगते कोण? गर्भात मुकादम नाही, हजेरीचे पुस्तक नाही. तरीही काम चोख होते. कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्याला या प्रश्नाची ओढ लागावी, यात नवल नाही. शास्त्रज्ञांनी त्याच्या उत्तराला जे नाव दिले, ते 'संघटक' हेच होय.

जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे हान्स श्पेमान यांच्या हाताखाली हिल्डे मांगोल्ड ही विद्यार्थिनी न्यूट नावाच्या, बेडकाच्या गोतातील एका शेपटीवाल्या प्राण्याच्या गर्भावर काम करीत होती. काचेची सुई आणि तान्ह्या मुलाच्या केसाचा फास, ही तेथली हत्यारे. फिक्या रंगाच्या गर्भातील ओठासारखा एक तुकडा कापून तिने तो गडद रंगाच्या गर्भात पोटाच्या बाजूस बसविला. बहुतेक गर्भ मेले. जे थोडे जगले, त्यांच्या पोटावर दुसरा गर्भ उभा राहिला! रंगावरून असेही कळले की, या नव्या गर्भातील मज्जेचा बहुतेक भाग यजमानाच्याच पेशींचा होता. पाहुण्या तुकड्याने आपला थोडा वाटा घातला होता खरा. परंतु मुख्य गोष्ट ही की, त्याने शेजाऱ्यांना कामाला लावले होते. म्हणून त्याला संघटक म्हणू लागले.

हा लेख १९२४ साली प्रसिद्ध झाला. प्रबंध हिल्डेचा, पण लेखावर पहिले नाव गुरूचे. त्याच वर्षी स्टोव्हच्या भडक्यात भाजून ती वारली. वय अवघे २५. पुढे १९३५ चे नोबेल पारितोषिक एकट्या श्पेमान यांना मिळाले. त्याहीआधी, १९०९ मध्ये, अमेरिकेतील एथेल ब्राउन हिने हायड्रा या गोड्या पाण्यातील चिमुकल्या जीवाच्या तोंडाजवळचा तुकडा दुसऱ्या हायड्राच्या अंगात रोवून तेथे नवा हायड्रा उगवून दाखविला होता. तिची आठवण शास्त्राला फार उशिरा झाली. राबणाऱ्या हातांची नावे मागे पडतात, हे केवळ उसाच्या फडावरच घडते असे नाही.

आता संघटकाचा निरोप जातो कसा, ते पाहू. १९५२ मध्ये इंग्लंडचे गणिती ॲलन ट्यूरिंग यांनी देहाला रूप देणाऱ्या रसायनांना 'मॉर्फोजेन' हे नाव दिले. १९६९ मध्ये लुइस वॉल्पर्ट यांनी फ्रान्सच्या तीन पट्ट्यांच्या झेंड्याचा दाखला घेऊन एक कल्पना मांडली. गुऱ्हाळ पेटले की जवळच्याला गुळाचा वास दाट येतो, दूरच्याला विरळ; वासावरूनच माणूस आपले अंतर ओळखतो. तसेच निरोपाचे प्रथिन उगमाशी दाट असते आणि पुढे मडक्यांच्या उतरंडीसारखे कमी कमी होत जाते. पेशी ते किती पोचले हे जोखते आणि त्याप्रमाणे निळी, पांढरी वा तांबडी पट्टी होते. १९८८ मध्ये जर्मनीतच वोल्फगांग ड्रीव्हर आणि क्रिस्टियाने न्यूस्लाइन-फोलहार्ड यांनी फळमाशीच्या अंड्यात बायकॉइड या प्रथिनाची अशी उतरंड प्रत्यक्ष दाखविली.

परंतु ही प्रथिने पसरतात कोणत्या वाटेने, यावर वाद आहे. कोणी म्हणतात, पेशींमधल्या मोकळ्या जागेतून आपोआप पसरतात. १९९९ मध्ये माशीच्या पेशींतून निघणारे लांब, बारीक धागे दिसले. निरोप त्यांवरून हातोहात जात असावा, असा तर्क निघाला. २०१४ मध्ये तर एक निरोप्या प्रथिन पेशीच्या अंगालाच बांधून ठेवले, तरी माश्या बऱ्याच अंशी धड वाढल्या, मात्र उशिराने. फडातली बातमी वाऱ्यावरही जाते आणि एका टोळीतून दुसऱ्या टोळीत तोंडोतोंडीही जाते. तसाच हा प्रकार दिसतो.

निरोप तरी काय असतो? सर्वांची समजूत होती की, संघटक 'मेंदू व्हा' असा हुकूम सोडीत असेल. १९९२ मध्ये बेडकाच्या संघटकात नॉगिन हे प्रथिन सापडले आणि पुढील काही वर्षांत निराळेच उघड झाले. त्या शेजारी पेशींचा कल मुळातच मज्जा होण्याकडे असतो. बीएमपी नावाचे दुसरे प्रथिन तो दाबून ठेवते. नॉगिन त्या बीएमपीलाच वाटेत धरते. म्हणजे संघटक हुकूम देत नाही, दडपण दूर करतो!

या इतिहासात महाराष्ट्राचाही वाटा आहे. एडिंबरो येथे वॉडिंग्टन यांच्यापाशी काम केलेल्या लीला मुळहेरकर यांनी पुणे विद्यापीठात कोंबडीच्या गर्भाचा अभ्यास रुजविला. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रातील नॉगिनचे जनुक शोधले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात, जपानी संशोधकांच्या साथीने, त्या जनुकाचा संदेश बेडकाच्या गर्भात टोचला असता तेथे देहाचा दुसरा अक्ष उमटला. ज्याला ना पाठीचा कणा ना मेंदू, त्या हायड्राची भाषा बेडकाला कळली. एथेल ब्राउनचा हायड्रा आणि हिल्डेचा गर्भ येथे एकत्र आले.

वॉडिंग्टन यांनी एका गोष्टीवर फार भर दिला होता. निरोप कितीही खरा असो, तो घेण्याची पेशीची एक वेळ असते. ती टळली की संघटक शेजारी असूनही काही घडत नाही. बीड जिल्ह्यात हे समजावून सांगावे लागत नाही. मुकादमाकडून उचल घेऊन झाल्यावर तोडणीच्या दराची सभा भरवून फारसे हाती लागत नाही. सभा त्याआधी, गावात, माणसे घरी असतानाच भरवावी लागते.