सोन्याचा गाव आणि एक प्रश्न

चित्रपटावर विसंबून मी एकदा इतिहास शिकवला, त्याची ही कबुली.

‘पेंट युवर वॅगन’ हा तो चित्रपट. ब्रॉडवेवर १९५१ साली आलेल्या संगीतिकेवरून तो १९६९ साली निघाला. विषय कॅलिफोर्नियातील सोन्याची धाव. मारधाडीच्या भूमिकांत गाजलेले ली मार्विन आणि क्लिंट ईस्टवूड येथे चक्क गातात! गुत्त्यांच्या फळ्यांमधून खाली गळणारी सोन्याची भुकटी गोळा करण्यासाठी हे पठ्ठे गावाखाली भुयारे खणतात आणि शेवटी सारा गाव खचतो.

वर्गात मी ही गंमत रंगवून सांगितली. मग इतिहासाकडे वळलो. २४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा येथे, जॉन सटरसाठी लाकूड कापण्याची गिरणी उभारताना, जेम्स मार्शल या सुताराला पाण्याच्या पाटात पिवळे कण चमकताना दिसले. नऊच दिवसांनी मेक्सिकोने तहात हा मुलूख अमेरिकेला दिला. आपण काय देऊन बसलो याची त्याला वार्ताही नव्हती. पुढे सुमारे ३ लाख माणसे तिकडे धावली. सॅम ब्रॅनन या दुकानदाराने त्यांना फावडी आणि घमेली विकून पैसा केला. मार्शल मात्र १८८५ साली निष्कांचन मेला.

मुले खूश होती. एवढ्यात मागल्या बाकावरची एक मुलगी उठली. “गुरुजी, तिथं आधी कोण राहत होतं?”

“उद्या सांगतो,” म्हणून मी वेळ मारून नेली आणि रात्री पुस्तके काढून बसलो.

कोलोमा हे नावच मुळी निसेनान लोकांच्या वस्तीचे. १८४८ साली कॅलिफोर्नियात मूळचे रहिवासी सुमारे दीड लाख होते. १८७० पर्यंत ३० हजारांच्या आसपास उरले. रोगराई, उपासमार आणि बंदुका यांनी बाकीचे नेले. १८५० च्या एका कायद्याने तर त्यांची मुले गोऱ्यांच्या ताब्यात देऊन राबवून घेण्याची मुभा दिली. गाण्यांच्या त्या जल्लोषात ही कहाणी कोणी सांगितलेली नाही.

दुसऱ्या दिवशी हे सारे वर्गात सांगितले. मुलांचा कायदा आला तेव्हा वर्ग अगदी चिडीचूप झाला. आदल्या दिवशीचे हसणे कोणालाच आठवत नसावे.

चित्रपट मला अजूनही आवडतो. मात्र लक्ष्मीपूजनाला चौरंगावर सोन्याचा मणी ठेवताना त्या मुलीचा प्रश्न हटकून आठवतो.